ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतंय? महागड्या एसयूव्हीची डिस्क बदलायची की लेथवर घासून घ्यायची, ते असं ठरवा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. गोंदियाहून नागपूरला निघालो होतो. गाडी मामांची, चालवत होते मामाच. कोहमाऱ्याला गाडी मोठ्या हायवेला लागली, नव्वदचा स्पीड झाला आणि समोर रस्त्यात गायी बसलेल्या दिसल्या. मामांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली. गायी काही उठल्या नाहीत, पण स्टेअरिंग मामांच्या हातात असं थरथरलं की मागे बसलेल्या मामींनी मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरला.

मामांची राइस मिल आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी नागपूरहून एका जर्मन कंपनीची मोठी एसयूव्ही सेकंडहँड घेतली. दिसायला देखणी, चालवायला मऊ. पण पार्ट लागला की घाम फुटतो. थरथर सुरू झाल्यावर मामांनी दोन ठिकाणी विचारलं. शहरातल्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने सांगितलं, चारही डिस्क आणि चारही पॅड बदला, सव्वा लाखाच्या आसपास खर्च येईल. गावातल्या ओळखीच्या मिस्त्रीने सांगितलं, "काही नाही जी, डिस्क वाकडी झाली. लेथवर मारून आणतो, हजार रुपयात काम होते."

सव्वा लाख की हजार? मामांनी हा प्रश्न माझ्याकडे ढकलला, कारण "तू इंटरनेटवर लिहितोस ना". पुढचे पंधरा दिवस मी जे वाचलं, विचारलं आणि लेथच्या दुकानात उभं राहून पाहिलं, ते इथे सांगतोय. आधीच सांगून टाकतो, दोघांचंही म्हणणं अर्धं चुकीचं निघालं.

आधी डिस्क म्हणजे काय ते बघू

कंपनीच्या कागदात रोटर, गॅरेजमध्ये डिस्क, वस्तू एकच. चाकाच्या आत चाकाबरोबर फिरणारी बिडाची जाड थाळी. तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंनी पॅड दाबतो आणि ही थाळी घासली जाऊन गाडी थांबते. गाडीचा वेग कुठे हवेत जात नाही, त्याची उष्णता होते आणि ती बहुतेक सगळी डिस्कला प्यावी लागते.

किती उष्णता? सव्वादोन टनाच्या आसपासची गाडी ताशी १०० वरून शून्यावर आणली तर साधारण साडेआठ लाख ज्यूल. म्हणजे घरातलं अडीच लिटर थंड पाणी उकळीला येईल एवढी, आणि ती तीन-चार सेकंदांत. वेग १२० असेल तर ही उष्णता दीडपटीच्या जवळ जाते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची परवानगी आहे आणि ५ जून २०२५ पासून नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण खुला आहे. आपल्याकडच्या गाड्या आता हा वेग रोज बघतात.

म्हणून मोठ्या एसयूव्हीची पुढची डिस्क एकसंध नसते. दोन थाळ्यांच्या मध्ये हवा खेळायला पोकळ फटी असतात. जाड डिस्क जास्त उष्णता पिते, पातळ डिस्क लवकर तापते. सगळा विषय या जाडीभोवती फिरतो, हे लक्षात ठेवा.

आणि हो, अशा गाड्या म्हणजे फक्त मुंबई-पुण्याचा विषय नाही. तेव्हाच्या औरंगाबादकरांनी ऑक्टोबर २०१० मध्ये एकत्र येऊन दीडशेच्या आसपास मर्सिडीज एकाच वेळी घेतल्या होत्या, ६५ कोटींच्या. मर्सिडीजच्या एसयूव्ही चाकणला जोडल्या जातात, ऑडीची क्यू ७ छत्रपती संभाजीनगरला. एमएच ३५ पासिंगच्या गाड्यांमध्येही त्या दिसतात. फरक एवढाच की बिघाड झाला तर मुंबईकर अर्ध्या तासात सर्व्हिस सेंटरला पोहोचतो, गोंदियाकराला दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर कापून नागपूर गाठावं लागतं, नाहीतर रायपूर. त्यामुळे "घेऊन या, बघून सांगतो" हे वाक्य इथे महागात पडतं. काय बघायचं हे घरूनच माहीत असलेलं बरं.

उत्तर डिस्कवरच लिहिलेलं असतं

मला सगळ्यात जास्त आश्चर्य या गोष्टीचं वाटलं. डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागावर किंवा बाहेरच्या कडेवर "एमआयएन टीएच" अशी इंग्रजी अक्षरं आणि पुढे एक आकडा कोरलेला असतो. ही त्या डिस्कची किमान जाडी. डिस्क एवढी पातळ झाली की ती बाद, मग ती कितीही गुळगुळीत दिसो. गंजामुळे आकडा दिसत नसेल तर तारेच्या ब्रशने घासा, वर येतो. तरीही नाही दिसला तर चासी नंबरवरून कंपनीच्या माहितीत सापडतो.

मामांच्या गाडीची पुढची डिस्क नवी असताना ३० मिलिमीटरची, आणि कोरलेला आकडा २८.४. म्हणजे डिस्कचं सगळं आयुष्य १.६ मिलिमीटरमध्ये मावतं. दोन बाजूंत वाटलं तर एका बाजूला ०.८ मिलिमीटर.

०.८ मिलिमीटर म्हणजे केवढं? खिशातलं एटीएम कार्ड काढा. त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, जगभर सारखीच. डिस्क वापरून घासली की तिच्या बाहेरच्या काठावर, जिथे पॅड पोहोचत नाही तिथे, न घासलेली एक कड उभी राहते. चाकाच्या आऱ्यांमधून ती दिसते, बोटाला लागते. (गाडी चालवून आल्या आल्या बोट लावू नका, कातडी चिकटेल.) ही कड एटीएम कार्डाएवढी उंच झाली असेल तर अशा डिस्कचं आयुष्य संपत आलेलं आहे.

मला वाटायचं, डिस्क संपली म्हणजे ताटासारखी खोलगट झाली असेल, खोबणी पडल्या असतील. तसं काही नसतं. संपलेली डिस्क बऱ्याचदा चकचकीत, साफ आणि शांत असते.

कार्डाची युक्ती फक्त अंदाजासाठी. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा, डिस्कची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा जास्त घासलेली असू शकते आणि ती आऱ्यांमधून दिसत नाही. खरं माप मायक्रोमीटरने, चाक काढून, पॅड जिथे घासतो त्या पट्ट्यावर, गोलाईत आठ ठिकाणी घ्यायचं. साधा व्हर्निअर वापरायचा तर एक अडचण येते, त्याचे जबडे त्या कडेवरच अडकतात आणि माप जास्त दाखवतं. अशा वेळी एकाच वर्षाची दोन सारखी नाणी डिस्कच्या दोन्ही बाजूंना धरून त्यावरून माप घ्यायचं आणि नाण्यांची जाडी वजा करायची. बऱ्याच चुका इथेच होतात, "आहे की अजून माल" म्हणत गाडी परत पाठवली जाते.

या आकड्याचा अजून एक फायदा. सर्व्हिस सेंटरने डिस्क बदला म्हटलं की एकच प्रश्न विचारायचा: "चारही डिस्कची मापं किती आली आणि किमान किती आहे?" मोजलेलं असेल तर ते लगेच सांगतील. आकडे न देता "साहेब, सेफ्टीचा विषय आहे" असं उत्तर आलं तर मोजलेलं नाही असं समजा. मामांना तेच उत्तर आलं होतं.

किलोमीटरवर मात्र जाऊ नका. "पन्नास हजारला डिस्क बदलायचीच" असं कुणी सांगत असेल तर ते उगाच. तीच गाडी हायवेला चालली तर डिस्क दुप्पट टिकेल, शहराच्या गर्दीत चालली तर लवकर जाईल. युरोपीय गाड्यांमध्ये पॅड आणि डिस्क दोन्ही घासत जातात असाच हिशोब असतो, त्यामुळे साधारण दोन पॅडसेटमागे एक डिस्क असा अनुभव बरेच मेकॅनिक सांगतात. आणि पॅड संपल्याचा दिवा डॅशबोर्डवर लागतो म्हणून निर्धास्त राहू नका. तो सेन्सर पॅडचा आहे. डिस्क संपल्याचा दिवा नसतो.

मग लेथवर घासून घ्यायला हरकत काय?

गोंदियात लेथची दुकानं आहेत, आणि चांगली आहेत. राइस मिलचे शाफ्ट, पुली, बुश, सगळं तिथे बनतं आणि दुरुस्त होतं. त्यामुळे "लेथवर मारून घेऊ" हा आपल्याकडचा स्वाभाविक विचार. जुन्या जीपच्या, ट्रकच्या ड्रमला तो वर्षानुवर्षं चालला. कारण त्यात माल भरपूर असायचा.

मामा डिस्क काढून ज्या लेथवाल्याकडे गेले, तो आयटीआय केलेला, पंचविशी-तिशीतला मुलगा. त्याने डिस्क चकमध्ये लावायच्या आधी मायक्रोमीटर काढला. पुढच्या दोन डिस्क २९.१ आणि २९.०. मग त्याने वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. डिस्कचा पृष्ठभाग एकसारखा करायला प्रत्येक बाजूने कमीत कमी ०.२ कापावं लागणार. दोन्ही बाजू मिळून ०.४. म्हणजे २९.० ची डिस्क २८.६ होणार. किमान २८.४. उरला माल ०.२.

"एवढ्यात पॅडचा एक सेटबी निघत नाही जी," तो म्हणाला. "मी कापून देतो, पण मग सहा महिन्यात तुम्ही नवीनच घ्याल. कापायला माल तर पाहिजे ना."

हा मुद्दा समजला की अर्धा विषय संपतो. लेथ डिस्कला आयुष्य देत नाही, तिच्या शिल्लक आयुष्यातून कापून घेतो. कोरलेला आकडा ही कापल्यानंतरची पातळी नाही, वापरून फेकायची पातळी आहे. कापल्यावर पुढचा पॅडसेट पूर्ण वापरून होईपर्यंत जाडी त्या आकड्याच्या वर राहिली पाहिजे.

मग लेथ कधी बरोबर? डिस्क तशी नवी आहे, जाडी भरपूर शिल्लक आहे, पण काहीतरी अडकून तिच्यावर बारीक ओरखडे पडलेत किंवा जाडी जागोजागी कमीजास्त झालीय, तेव्हा. त्यातही उत्तम म्हणजे गाडीवरच लावून चालवायचा लेथ, ज्यात डिस्क तिच्या स्वतःच्या हबवर फिरत असतानाच कापली जाते. काही मोठ्या वर्कशॉपमध्ये तो असतो. बाहेरच्या लेथवर कापायची असेल तर डिस्कचा बसण्याचा भाग आरशासारखा साफ हवा, नाहीतर लेथवर सरळ असलेली डिस्क गाडीवर वाकडी फिरते. आणि एकच डिस्क कापून चालत नाही, एका एक्सलच्या दोन्ही कापायच्या. डावी-उजवी वेगळी झाली की ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

माझं मत विचाराल तर, १.६ मिलिमीटरच्या हिशोबात जगणाऱ्या या गाड्यांना लेथ क्वचितच परवडतो. साध्या गाड्यांच्या जाड डिस्कला अजूनही परवडतो.

कार्बन सिरॅमिक डिस्क असेल तर लेथचं नावच काढू नका. पोर्शे कायेनसारख्या काही गाड्यांना त्या पर्याय म्हणून मिळतात, त्या कापता येत नाहीत. २०१७ च्या कायेनपासून पोर्शेने टंगस्टन कार्बाइडचा कठीण थर दिलेल्या डिस्कही आणल्या. त्या आरशासारख्या चमकतात आणि लेथवर धरल्या तर तो थरच जाईल.

पण मग थरथर कशाची होती?

"डिस्क वाकडी झाली" हे आपल्या गॅरेजमधलं सगळ्यात लाडकं निदान. पण रेसिंगच्या जगात अख्खं आयुष्य काढलेले इंजिनिअर कॅरोल स्मिथ यांनी यावर एक गाजलेला लेख लिहिला होता, आणि त्यांचं म्हणणं होतं की वाकडी समजली जाणारी डिस्क बहुतेक वेळा वाकडी नसतेच. तिच्यावर पॅडचा माल जागोजागी कमीजास्त चिकटलेला असतो. डिस्कची जाडी फिरताना किंचित बदलते, पॅड त्या उंचवट्यावर आपटतो आणि तो धक्का तुमच्या पायाला आणि हाताला लागतो. फरक किती लागतो? ०.०२ मिलिमीटर पुरे. डोक्याचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असू शकतो.

हा माल चिकटतो कसा? हे वाचताना मला मामांची सवय आठवली. हायवेवरून जोरात ब्रेक मारत टोलनाक्यावर यायचं आणि रांगेत पाय ब्रेकवर दाबून बसायचं. तापलेल्या डिस्कवर तापलेला पॅड एकाच जागी दाबून ठेवला की त्याचा ठसा उमटतो. या गाड्यांमध्ये पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवणारी ऑटो होल्डची सोय असते, ती तेच करते, फक्त आरामात. उपाय सोपा आहे. नाक्याच्या बराच आधीपासून वेग कमी करत यायचं, आणि जोरात ब्रेक मारून थांबावं लागलंच तर गाडी थोडी थोडी पुढे सरकवत राहायचं.

दुसरं कारण डिस्कच्या मागे लपलेलं असतं. डिस्क ज्या हबवर बसते त्यावर गंजाचा पापुद्रा किंवा चिखलाचा कण राहिला तर डिस्क फिरताना डुलते. बहुतेक कंपन्या गाडीवर बसलेल्या डिस्कला साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटरपर्यंतच डुलायला परवानगी देतात. डुलणारी डिस्क ब्रेक नसतानाही प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी पॅडला घासत राहते, आणि काही हजार किलोमीटरनंतर तिथे जाडीचा फरक तयार होतो.

लेथवाला मुलगा डायल गेज घेऊन मिलच्या शेडमध्ये आला. उजवी पुढची डिस्क ०.१४ डुलत होती. चाकाला विचारलं तर उत्तर मिलच्या ड्रायव्हरने दिलं: जूनमध्ये तेच चाक पंक्चर झालं होतं, रस्त्यावरच काढून बसवलं, एका बाजूचे बोल्ट आधी कचकचून आवळले. चिखलणीचे दिवस होते. ट्रॅक्टर बांधीतून थेट रस्त्यावर येतात आणि सगळा चिखल डांबरावर पसरतो, तो हबच्या तोंडावर सहज लागला असणार. हब घासून साफ केला, डिस्क परत बसवली, बोल्ट समोरासमोर थोडे थोडे करत टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळले. गेज ०.०४ वर आला. डिस्कवर काळपट डाग होते, ते पॉलिश पेपरने उतरवले. पुढचे पॅड तसेही निम्म्याखाली होते, ते बदलले.

ही गोष्ट इथे संपली असती तर मिस्त्रीही चूक आणि सेंटरही चूक, एवढंच झालं असतं. पण त्या मुलाने जाता जाता मागच्या डिस्कही मोजल्या. मागची डिस्क नवी २० मिलिमीटरची, किमान १८.४. मापं आली १८.३ आणि १८.२.

ज्या डिस्क थरथरत होत्या त्या चांगल्या होत्या. ज्यांचा आवाज नव्हता, थरथर नव्हती, त्या संपल्या होत्या.

मागच्या आधी कशा संपल्या?

ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवर असतो हे खरं, म्हणून पुढच्या डिस्क मोठ्या आणि जाड असतात. पण या गाड्यांचा कॉम्प्युटर मागचे ब्रेकही स्वतःहून वापरत असतो. वळणात गाडी सावरायला, क्रूझ कंट्रोलवर अंतर राखायला, हलक्या ब्रेकला नाक खाली झुकू नये म्हणून. तुम्ही पाय लावला नाही तरी मागचे पॅड काम करतात. त्यामुळे या गाड्यांमध्ये मागची बाजू आधी संपणं फार नवलाचं नाही.

किमान जाडीखाली गेलेली डिस्क लगेच तुटते का? नाही, आणि धोका त्यातच आहे. रोजच्या चालवण्यात काही कळत नाही. पण गाडीत सात माणसं, मागे सामान, आणि १२० वरून एकदम ब्रेक मारायची वेळ आली की पातळ डिस्क भरभर तापते, तडकू शकते. तिची उष्णता कॅलिपरमधून ब्रेक ऑइलपर्यंत जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि तो शोषला की त्याचा उत्कलनबिंदू कोसळतो. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलला किमान २३० अंश लागतात, ओलावा धरलेल्या ऑइलसाठी मानकातली मर्यादा १५५ वर येते. ऑइल उकळलं की नळीत बुडबुडे होतात, आणि पॅडल जमिनीला जाऊन टेकतं. नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपास रात्री रानडुक्कर आडवं येतं तेव्हा पॅडल जमिनीला टेकलेलं कुणालाच नको असतं. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं, डिस्क नवी असो की जुनी.

जाडी पुरेशी असली तरी काही डिस्क वाद न घालता बदलायच्या. कडेपर्यंत गेलेला तडा दिसला, किंवा भोकं असलेल्या डिस्कमध्ये एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत तडा जोडला गेला, तर गाडी तिथेच उभी करा. निळे-काळे चट्टे पडले असतील तर तिथे अति उष्णतेने बिडाची जातच बदललेली असते, तो भाग काचेसारखा कठीण होतो. लेथवर घासलात तरी चट्टा आत खोल असतो, थोड्या दिवसांत परत उंच येतो. पॅड पूर्ण संपून लोखंडाला लोखंड घासलं असेल आणि नखाला अडेल अशा खोल खोबणी पडल्या असतील तर तेही गेलंच. करकर असा धातूचा आवाज येत असेल तर "हळूहळू नागपूरपर्यंत नेतो" करू नका. चारही चाकं वर घेणारी सपाट गाडी बोलवा. यातल्या बऱ्याच एसयूव्ही चारही चाकांनी ओढणाऱ्या असतात, दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढलं तर गिअरचं वेगळंच काम निघेल.

गंज दिसला म्हणून घाबरायचं का?

आपल्याकडे वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. जिल्हा तलावांचा, हवा दमट. सकाळी डिस्कवर नारिंगी थर दिसतो. घाबरू नका, बीड उघडं असतं, ते रात्रीत गंजतं आणि दोन-चार ब्रेकमध्ये साफ होतं.

खरी अडचण उभ्या गाडीची. मालक पुण्याला किंवा परदेशात, गाडी पूर्ण पावसाळा अंगणात झाकून ठेवलेली. अशा डिस्कला खड्डे पडतात, पॅडच्या आकाराचा ठसा उमटतो आणि मधल्या हवेच्या फटी आतून फुगतात. ठसा वरवरचा असेल आणि जाडी भरपूर असेल तर लेथचा इथे खरा उपयोग आहे. खड्डे खोल असतील तर नाही. इलेक्ट्रिक एसयूव्हीला हे जास्त होतं, कारण ती मोटरच्या मदतीनेच वेग कमी करते आणि डिस्कला कामच मिळत नाही. आठवड्यातून एकदा मागे कुणी नाही बघून दोन-तीन वेळा दाबून ब्रेक मारला तर डिस्क साफ राहते.

अजून एक, हायवेवरून आल्या आल्या गाडी थेट वॉशिंगला लावू नका. तापलेल्या बिडावर थंड पाण्याचा फवारा म्हणजे गरम तव्यावर पाणी. अर्धा तास थांबा.

गावातल्या गॅरेजमध्ये काम होईल का?

होईल, मामांचं झालं. पण मिस्त्रीला तीन गोष्टी आधी सांगा. गाडीला एअर सस्पेन्शन असेल तर जॅक लावायच्या आधी स्क्रीनवरच्या मेनूत जाऊन जॅक मोड चालू करायचा, नाहीतर उचललेली गाडी स्वतःला सरळ करायला बघते. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर मागचे पॅड काढण्याआधी स्कॅनर लावून तो सर्व्हिस मोडमध्ये घ्यायचा. पिस्टन शिकंजाने दाबून आत ढकलला तर आतल्या मोटरचं नुकसान होतं, आणि मग हजाराचं काम कुठे जाईल सांगता येत नाही. स्कॅनर नसेल तर मागचं काम तिथे करूच नका. तिसरं, पॅडचा सेन्सर वायरसकट नीट काढायचा. ओढला की तुटतो.

डिस्क मागवताना "अमुक मॉडेल, अमुक साल" एवढ्यावर मागवू नका. एकाच मॉडेलला दोन-तीन मापाच्या डिस्क येतात, चासी नंबर द्या. कंपनीच्या खोक्यातलीच हवी असं नाही. ब्रेम्बो, एटीई, झिमरमन, टीआरडब्ल्यू यांच्या डिस्क चालतात आणि बऱ्याचदा स्वस्त पडतात, फक्त विक्रेता भरवशाचा बघा आणि पक्कं बिल घ्या. जोडीनेच बदला, आणि नव्या डिस्कला नवे पॅड. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचा आकार बसलेला असतो.

नव्या डिस्कवर तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसायचा. मग पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक, मधे थोडं चालवून परत, असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही. त्यानंतर दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून डिस्क थंड होऊ द्यायची. यात पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो. नवी डिस्क महिन्याभरात थरथरायला लागण्यामागे बहुतेक वेळा ही पायरी चुकवलेली असते.

मामांच्या मागच्या दोन डिस्क आणि पॅड चार दिवसांत आले. नागपूरहून स्कॅनर असलेला एक मेकॅनिक येऊन बसवून गेला. पुढच्या डिस्क त्याच आहेत. नव्वदला थरथर गेली, शंभरच्या पुढे लक्ष देऊन बसलं तर अगदी बारीक जाणवते. एकूण खर्च सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी झाला.

लेथवाल्याने मोजायचे पैसे घेतले नाहीत, हब साफ करायचे घेतले. मामांनी चारही डिस्कचे आकडे मिलच्या वहीत लिहून ठेवलेत, तारखेसकट. पुढच्या २९.१ आणि २९.० आहेत, २८.६ झाल्या की नव्या मागवायच्या. पुढचं मोजमाप धानाच्या हंगामाची गर्दी ओसरल्यावर.